शिडाच्या पलीकडे

मालवण सोडल्यावर तिसऱ्या दिवशी बोटीचं शीड फाटलं. वारा पडताच एकट्या नावाड्यानं ते लटकतं ठेवूनच शिवायला घेतलं.

हे खरं दोघांचं काम. अलीकडच्यानं सुई टोचायची, पलीकडच्यानं ओढून परत पाठवायची. बावीस वर्षं पलीकडे बायको असायची. दिसायची नाही, नुसती कुरकुरायची, "अहो, टाके जवळ घाला. कुठली गाडी गाठायचीय?"

गेल्या वैशाखात ती गेली. आता प्रत्येक टाक्याला तोच वाकून पलीकडे जायचा, सुई परत टोचून अलीकडे यायचा. फेऱ्या वाचाव्यात म्हणून त्यानं टाके लांब लांब घातले.

शेवटची गाठ मारताना शेजारी तिची जुनी, दाट शिवण दिसली.

"बरं, बरं," तो पलीकडे बघत म्हणाला आणि सगळे टाके उसवायला लागला.