शुक्रवारची टिप

“हे असं करायला तुला कुणी शिकवलं?” मंदाकिनी मॅडमनी विचारलं, आणि मीटिंग रूममधल्या सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

समीक्षानं टेबलापलीकडे बसलेल्या अनिमेषकडे पाहिलं. शिकवलं त्यानंच होतं, याच खोलीत, अशाच एका शुक्रवारी. शुक्रवारी जेवणानंतर कुणीतरी आपली एखादी क्लृप्ती बाकीच्यांना दाखवायची, अशी या टीमची पद्धत. कुणी एडिटरचे शॉर्टकट सांगे, कुणी तासाभराचं काम दोन ओळींत उरकून दाखवी. मॅडम तेव्हा नसत, त्यामुळे गप्पाही रंगत. अनिमेषच्या टिपा सगळ्यांत लाडक्या. डेटाबेसमधलं काही पुसायला गेलं की प्रोग्रॅम दर वेळी ‘नक्की पुसायचं का?’ असं विचारतो; ते विचारणंच बंद कसं करायचं, हे त्यानं दाखवलं होतं. दर वेळी हो हो म्हणत बसलात तर इथंच म्हातारे व्हाल, असंही म्हणाला होता. सगळे हसले होते. समीक्षाला जमेना, तेव्हा तिच्या खुर्चीशी येऊन त्यानं स्वतः ते तिच्या मशीनवर करून दिलं होतं.

काल सकाळी तिच्यासमोर दोन सारख्याच विंडो उघड्या होत्या. एकीत चाचणीपुरता खोटा डेटा, दुसरीत डायलिसिस सेंटरचा खरा. खोटा पुसायला गेली आणि खरा पुसून बसली. मशीननं काही विचारलं नाही. कल्याणच्या सेंटरवर आलेल्या पेशंटांची नावंच सिस्टिममध्ये दिसेनात, म्हणून तिथल्या लोकांनी त्यांना घरी पाठवलं. त्यातले विठ्ठलवाडीचे एक आजोबा आता आयसीयूत होते.

मॅडम उत्तराची वाट पाहत होत्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि समीक्षाला त्याचीच जास्त धास्ती वाटत होती. तिचं प्रोबेशन अजून संपलं नव्हतं. अनिमेषचं नाव घ्यावं तर आपलं पाप दुसऱ्याच्या गळ्यात मारल्यासारखं दिसणार. आणि पुसलं तर तिनंच होतं, ते नाकारणार कशी? त्यानंच नुसतं म्हणावं, टिप माझी होती. एवढ्यानं तिची नोकरी वाचली असती. तो इथला जुना माणूस, त्याच्या केसालाही धक्का लागला नसता. खोलीतल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. अनिमेष पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होता, लावत होता.

“मीच केलं,” समीक्षा म्हणाली. आता तरी त्याला लाज वाटेल आणि तो तोंड उघडेल, असं तिला अगदी मनापासून वाटलं. वेडी पोर.

मॅडमनी मान हलवली. सोमवारपासून येऊ नकोस, एचआरला भेट, लॅपटॉप आजच जमा कर, असं त्यांनी तिला सांगितलं. मग त्या बाकीच्यांकडे वळल्या. निदान या प्रकारातून टीमनं काही शिकावं, तेव्हा आजची टिप हीच होऊ दे, अनिमेष, तूच सांग, म्हणाल्या.

अनिमेषनं आपला लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला. भिंतीवर त्याच्या दोन विंडो उमटल्या. चाचणीची होती नेहमीसारखी काळी. खऱ्या डेटाची मात्र लालभडक, झोपेतही चुकू नये इतकी. खऱ्याची विंडो कायम लाल ठेवायची, तो समजावून सांगू लागला, आणि पुसण्याआधी मशीन विचारतं ते विचारू द्यायचं. आवाज नेहमीसारखाच मोकळा. सगळे भराभर टाइप करून घेऊ लागले.

समीक्षाला उठून जायचंही सुचेना. ती त्या लाल रंगाकडे बघत राहिली.

“ही लाल कधी केलीस तू?” तिनं विचारलं.

“पहिल्यापासून आहे,” अनिमेष बोलून गेला. मग म्हणाला, “कुणी विचारलं नव्हतं ना.”

कुणाचंही टाइप करणं थांबलं नाही.

जागेवर आल्यावर समीक्षा रडली नाही. तिनं आपल्या लॅपटॉपवरची खऱ्या डेटाची विंडो लाल केली, बंद केलेला तो प्रश्न चालू केला. आपल्यानंतर या मशीनवर जो कुणी बसेल, त्याच्यावर तरी ही पाळी येऊ नये. मग ती लॅपटॉप घेऊन खालच्या मजल्यावर नाथाकडे गेली. ऑफिसातली सगळी मशीनं तोच सांभाळायचा.

नाथानं लॅपटॉप उलटापालटा करून पाहिला, चार्जर मागून घेतला.

“तुझं काही असेल तर आत्ताच काढून घे,” तो म्हणाला. “मी सगळं उडवणार. सोमवारी एक नवीन मुलगी येतेय, तिला हाच द्यायचाय. सेटिंगबिटिंग काय ते अनिमेष करून देईल तिला.”