शेपटीतलं ठिगळ

पाण्यावर उतरणारं ते जुनं विमान आधी लढाईचं होतं, मग प्रवासी झालं. संग्रहालयासाठी पुतणी त्यातले फेरफार नोंदवत होती. सोबतीला काका होते. त्यांचा उभा जन्म विमानाचे पत्रे जोडणारे रिवेट ठोकण्यात गेलेला.

शेपटीतली बंदुकीची खिडकी पत्रा ठोकून बुजवलेली होती. काकांनी त्या ठिगळावरून बोट फिरवलं.

"हे माझ्याच हातचं काम," ते म्हणाले.

रिवेट ठोकायला दोघं लागतात. एक बाहेरून ठोकतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा दाबून धरतो; तो आधार नसेल तर रिवेट सैलच राहतो. नीट बसला, की आतला दोनदा टकटक करतो.

"पण काका, या शेपटीत शिरायला दुसरी वाटच नाही. खिडकी बुजवल्यावर आतला माणूस बाहेर आला कुठून?"

काकांनी ठिगळावरचे रिवेट एकेक करून चाचपले. आत कोण होतं, ते काही केल्या त्यांना आठवेना.

ठिगळाच्या कोपऱ्यात एक भोक रिकामं होतं. काकांनी पिशवीतून रिवेट काढला, भोकात घातला आणि हलक्या हातानं चार ठोके मारले.

रिवेट पक्का बसला.

पुतणी काही बोलणार, तोच काकांनी तिला हातानं थांबवलं आणि पत्र्याला कान लावला.

आतून दोनदा टकटक झाली.