रबरी पट्टे

हुरड्याला पुण्याहून पाव्हणे येणार, म्हणून सरकारी रस्त्यांची कामं घेणाऱ्या गुत्तेदार अमरसिंहरावांनी हौसेची एटीव्ही, म्हणजे जाड चाकांची उघडी चारचाकी, हिवाळ्यासाठी सजवायला काढली. चाकं उतरवून तिथं रणगाड्यासारखे रबरी पट्टे चढवायचे होते. पट्टे बर्फावर चालणारे, थेट परदेशातून मागवलेले. येरमाळ्याच्या आयुब मिस्त्रीनं उभ्या जन्मात बर्फ पाहिला होता तो रसवंतीतला. तरी बिचाऱ्यानं दोन दिवस खपून पट्टे बसवले, ताणले, ग्रीस भरलं. गाडीपुढं नारळ फुटला, पट्ट्यांखाली लिंबं ठेवली, "आई राजा उदो उदो" झालं.

तेवढ्यात खोक्याच्या तळाशी आयुबला एक इंग्रजी कागद सापडला. मोबाइल धरून त्यानं तो मराठीत वाचला आणि तो धावत गाडीपुढं आडवा झाला. उद्या पट्टे फाटले तर खापर त्याच्याच डोक्यावर फुटणार होतं.

"मालक, थांबा! हे पट्टे डांबरी रस्त्यावर चालवायचे न्हाईत म्हणं. चार दिसांत झिजून जातील!"

गाडीवर बसलेले अमरसिंहराव खदखदून हसले.

"येडा हायेस का, मिस्त्री? इथनं मळ्यापतूरचा डांबरी रस्ता म्याच केलाय की!"