कचऱ्यात टाकलेली डिस्क
काल सुट्टी मागितली म्हणून मालकाच्या मेहुण्याने तिच्या थोबाडीत मारली, तीही चपलांच्या गोदामातल्या कॅमेऱ्यासमोर. "उद्या रेकॉर्डिंग बघून ठरवू," मालक म्हणाले. आज ती कामावर आली, तर मेकॅनिकने कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरमध्ये नवी हार्डडिस्क बसवली होती. "जुनी गेली. कालचं काही दिसणार नाही," मालक म्हणाले. "साहेब, कुरकुरतेय, पण मेलेली नाही. काही काढून देऊ?" मेकॅनिकने विचारलं. "कचऱ्यात टाक!" मालक खेकसले. गल्ल्यावरचा मेहुणा हसला. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने कचऱ्याच्या टोपलीतून डिस्क उचलली. "ठेव ती खाली!" मालक ओरडले. "बिघडलीय ना? मग तुम्हाला कशाला हवी?" तिने विचारलं. मेहुणा दारात आडवा आला. "मार परत," ती म्हणाली. "नवी डिस्क चालू झालीय." तो बाजूला झाला. ती तडक पोलीस चौकीकडे निघाली.