मागच्या सीटवर दोघं

डरवुड पिकेट आयुष्यात कधी खोटं बोलला नाही. शनिवारची दुपार सोडून. तेव्हा कुस्तीच्या मध्यंतरात त्याच्या जुन्या गाड्यांच्या दुकानाची जाहिरात अमरिलो शहराच्या टीव्हीवर थेट दाखवत.

त्या शनिवारी तो लिलावात घेतलेल्या जुन्या पोलीसगाडीत मागे बसला होता. शेजारी सर्कशीतली भाड्याची अस्वलीण, डचेस. पुढे जाळी. मागची दारं आतून उघडत नाहीत. ती सोय चोरांसाठी. काच बोटभर खाली.

"अमरिलोकरांनो! ही गाडी मीच घेतली, मीच तपासली. एक जरी दोष निघाला तर हिनं मला खावं!"

तपासलेल्या गाडीचे दोष तो पिवळ्या चिठ्ठीवर लिहून शर्टाच्या खिशात ठेवी, आणि गाडी विकली की चिठ्ठी फाडी. ती वाचायची मुभा कुणालाच नव्हती, वीस वर्षं त्याच्या दुकानात विक्रेता असलेल्या मर्ललासुद्धा.

मर्लनं दाराला किल्ली फिरवून कॅमेऱ्याला दाखवली. दोन मिनिटांनी उघडायचं ठरलं होतं.

दोन मिनिटांनी त्यानं खिसे चाचपले.

"बॉस, किल्ली छपरावर गेली."

"कशी?"

"सवयीनं."

गिऱ्हाइकाची जुनी गाडी बघायला म्हणून किल्ली मागायची आणि ऑफिसच्या छपरावर भिरकावायची, हा धंद्यातला रिवाज. माणूस पायी घरी जात नाही. बसून ऐकून घेतो. किल्ली हातात आली की मर्लचा हात आपोआप वर जाई.

"अरे गाढवा, शिडी आण!" डरवुडची बायको लोरीना ओरडली.

"ती मागच्या जाहिरातीत हत्तीनं मोडली, मॅडम."

डचेसचा राखणदार जेवायला गेला होता. तिनं एक पंजा डरवुडच्या छातीवर ठेवला आणि खिसा हुंगू लागली.

मर्ल पाइपाला धरून वर चढला. "बॉस, इथे चाळीसेक किल्ल्या पडल्यात! आपली कुठली?"

डरवुडच्या बाहीवर रक्त दिसू लागलं. "गाडी प्रशस्त आहे," तो काचेच्या फटीतून म्हणाला. "मागे दोघं आरामात मावतात."

"डरवुड, जीव जाईल रे तुझा! सुटायचं काही सुचत असेल तर बोल ना!"

त्यानं बायकोकडे पाहिलं. मग कॅमेऱ्यावरच्या, अजून पेटलेल्या लाल दिव्याकडे पाहिलं.

"पेट्रोलही कमी पिते," तो म्हणाला.

अकराव्या मिनिटाला डचेस गुरगुरली. शर्ट टरकन फाटला. डरवुडचे ओठ निळे पडले.

लोरीनाला राहवलं नाही. तिनं दोन्ही हातांनी दाराची मूठ धरली आणि जीव खाऊन ओढली.

ती उताणी पडली. दार सहज उघडलं होतं.

डरवुड तिच्या पायाशी घरंगळला. फाटक्या खिशातून पिवळी चिठ्ठी बाहेर आली. लोरीनानं ती उचलली.

"मागचं कुलूप लागत नाही. किल्ली नुसती फिरते."