फुलं मात्र लागतील

“मीनाक्षीताई, आमच्या कादंबरीची पहिली मंगळागौर आहे, फुलं मात्र लागतील हं! पण यंदा तुम्ही दमू नका. नकुलला पाठवते, तो घेऊन येईल,” विनीता फोनवर म्हणाली.

मीनाक्षी काय समजायचं ते समजली. अमेरिकेतल्या या शुगर लँड गावातली मंगळागौर मंगळवारी येत नाही, सगळ्यांच्या सोयीनं शनिवारी येते. तिथे शास्त्र खुशाल वाकतं. तिचा नवरा रवींद्र मागच्या दिवाळीत वारला, आणि त्याच्या बायकोपाशी आल्यावर तेच शास्त्र ताठ झालं.

मागच्या अंगणात ‘मागा’ नावाचं झाड फुललं होतं. पोर्टो रिकोच्या ओल्या जंगलातलं हे झाड, जास्वंदीहून मोठ्या लाल फुलांचं. रवींद्रनं तिकडच्या एका मित्राकडून वीतभर रोप आणून चाकांच्या कुंडीत वाढवलं होतं. त्याला थंडी सोसत नाही, म्हणून दरवर्षी दोघं मिळून ते गराजमध्ये ढकलत. या हिवाळ्यात तिनं एकटीनं ढकललं. कंबर धरली, पण झाड जगलं. इथल्या प्रत्येक गौरीला त्याचीच फुलं जायची.

तिला रडू आलं नाही. सणसणीत राग आला.

“रवींद्रनं लावलेल्या झाडाची फुलं चालतात आणि त्याची बायको चालत नाही?” ती म्हणाली. “माझं झाड माझ्याशिवाय कुठे जात नाही, विनीता.”

“अहो, मला काही नाही हो, पण बाकीच्या बायका...”

तिनं फोन ठेवून दिला.

शनिवारी सकाळी तिनं एकही फूल तोडलं नाही. ठेवणीतली साडी नेसली, ठसठशीत कुंकू लावलं आणि झाडापाशी खुर्ची टाकून राखण करत बसली. बेल वाजली. नकुल असेल तर रिकाम्या हातानं परत जाईल, असं म्हणत तिनं दार उघडलं.

दारात कादंबरी उभी होती. नऊवारी, नाकात नथ, काखेत चौरंग आणि हातात अन्नपूर्णा.

“मावशी, झाड येत नाही ना? फाइन. मग मी गौरच घेऊन आले. पूजा तुमच्या बॅकयार्डमध्ये करू या. आई गाडीत बसलीय. म्हणते, तुम्ही बोलावलंत तरच येईन.”

मीनाक्षीनं गाडीकडे पाहिलं. विनीता मान खाली घालून बसली होती.

“तिला म्हणावं, यंदा तू दमू नकोस!” मीनाक्षी गाडीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, आणि कुंकवाचा करंडा घेऊन स्वतःच तिला आणायला निघाली.