कापलेली बाही

काचेचा जग फरशीवर फुटला आणि स्वयंपाकघरातली कुजबुज एकदम थांबली.

नात जेवणाच्या टेबलाशी उभी होती. जग हातातून निसटला नव्हता. तिनं तो दोन्ही हातांनी उचलून आपटला होता. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या आजीनं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

आतून मुलगा आणि सून धावत आले.

"पुन्हा?" दोघं एका सुरात ओरडले.

"मी नाही सॉरी म्हणणार," नात म्हणाली. हनुवटी वर, ओठ घट्ट.

"बघितलंत ना, आई?" सून रडकुंडीला आली होती. "परवा शाळेत डबा फेकला. काही सांगावं तर उलट उत्तर. प्रेमानं समजावलं, रागावून झालं. आता डॉक्टरांकडेच नेणार आहे हिला."

आजीला हसूच फुटलं. ती वर केलेली हनुवटी तिच्या चांगल्या ओळखीची होती.

"तिला कशाला बोलतेस? खाण तशी माती! तुझ्या या शहाण्या नवऱ्याला सगळी गल्ली तोफ म्हणायची, तोफ. कधी उडेल नेम नाही."

मुलगा खाली बसून काचा वेचू लागला. सूनही सुपली घेऊन त्याच्याशेजारी वाकली. त्यांच्याकडे पाहता पाहता आजीचं मन भुर्रकन मागे गेलं. तिचे यजमान शिंपी होते. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, मागच्या खोलीत संसार. दिवसभर मशीनची खडखड, कापडाचा वास, दोऱ्यांची गुंतवळ. आणि त्यात हे पोर! शेजाऱ्यांचा रेडिओ पाण्याच्या पिंपात बुडवला. मास्तरांना वर्गात कोंडून बाहेरून कडी लावली. मार खाल्ला, अंगठे धरून उभा राहिला, पण पालथ्या घड्यावर पाणी. एका डॉक्टरांनी सांगितलं, मारू नका, चांगलं वागला की शाबासकी द्या. शाबासकी दिली. त्यानंही काही झालं नाही.

"आणि तो कोट!" आजीनं कपाळावर हात मारला. "सांगितलंय का मी तुला?"

सुनेनं तो किस्सा दहादा ऐकला होता. तरी ती "नाही" म्हणाली. सासू हा किस्सा सांगायला लागली की वीस वर्षांनी तरुण दिसायची.

"नवरदेवाचा कोट, बरं का. दुसऱ्या दिवशी लग्न. कोट शिवून, इस्त्री करून टांगलेला. या पठ्ठ्यानं मोठी कात्री घेतली आणि बाही कापली. कोपरापासून, कच्चकन! ह्यांनी तर डोकंच धरलं. मी म्हटलं, आता रडत बसून काय होणार? उठा. मग उरलेल्या तुकड्यातून ह्यांनी नवी बाही बेतली, मी जुनी उसवली. ते मशीनवर, मी बटणं लावायला. घाईत त्यांना सुईत दोरा ओवता येईना, तर मी ओवून दिला. पोराला शिव्या घालता घालता आम्हाला हसू कधी यायला लागलं, कळलंच नाही." आजीचा आवाज मऊ झाला. "खरं सांगू? त्याच्याआधी कित्येक महिन्यांत आम्ही दोघं इतके जवळ बसलो नव्हतो."

मुलाचा काचा वेचणारा हात थांबला.

तो उठला आणि लेकीसमोर उकिडवा बसला. ती मागे सरकली. तिला वाटलं, आता बसणार एक. पण त्यानं हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही.

"आम्ही आत भांडत होतो. ऐकू आलं तुला?"

नातीनं हळूच मान हलवली.

"आम्ही हळू आवाजात भांडत होतो तरी?"

"हळू बोलता तेव्हाच जास्त भांडता," ती म्हणाली. "आई म्हणाली, तुला बदलीच्या गावी जायचंय तर एकटा जा."

सुनेच्या हातातली सुपली तशीच राहिली.

"हे बघ," मुलगा म्हणाला, "बाबा चिडतो, आई चिडते. हे भांडण आमचं आहे आणि ते मिटवायचं काम आम्हा दोघांचं. तुझं नाही. तुला भीती वाटली तर येऊन सांगायचं, मला भीती वाटते. आम्ही थांबू. त्यासाठी काही फोडायला नको. कळलं?"

नातीची हनुवटी खाली आली. तिनं बापाच्या गळ्यात हात टाकले आणि ती हमसून हमसून रडायला लागली. सून तिथंच फरशीवर बसली आणि लेकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

आजी थक्क होऊन बघत होती. डॉक्टरांना, मास्तरांना जे कधी उमगलं नव्हतं, ते या पोराला एका क्षणात कसं उमगलं?

"तुला रे कुणी शिकवलं हे?" तिनं विचारलं.

मुलानं लेकीच्या खांद्यावरून आईकडे पाहिलं.

"आई, कोट कापला त्या संध्याकाळी तू बॅग भरून माहेरी निघाली होतीस. ती बाही बघितलीस आणि बॅग खाली ठेवलीस."